चिठ्ठीचें पारायण

उत्तरपत्रिका तपासण्यांत माझ्या आयुष्याचीं तीस वर्षें गेलीं आहेत. या तीस वर्षांत जितकीं वाईट अक्षरें मीं वाचलीं तितकीं चांगलीं पुस्तकें वाचलीं असतीं, तर आज मी खराच विद्वान् ठरलों असतों. मुंगीचे पाय शाईंत बुडवून तिला कागदावर सोडल्यासारखें अक्षर, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेलीं अक्षरें, ओळ सोडून आभाळाकडे निघालेलीं अक्षरें, सारे प्रकार माझ्या परिचयाचे आहेत. त्यामुळें कोणतेंही हस्ताक्षर आपल्याला लागतें, असा एक निरुपद्रवी गर्व मी बाळगून होतों. हा गर्व दोन वर्षांपूर्वीं, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे उतरला. आणि तो निरुपद्रवी नव्हता हेंही त्याच वेळीं कळलें.

माझी आई आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पंधरा वर्षांपासून तिला रक्तदाबाचा विकार आहे. विकार हा शब्द माझा; ती त्याला 'बीपी' म्हणते, आणि शेजारच्या काकूंना जसे गुडघे आहेत तसें आपल्याला बीपी आहे, याहून अधिक महत्त्व ती त्याला देत नाहीं. सकाळीं देवपूजा आटोपली कीं एक पांढरी गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घ्यावयाची, हा तिचा नेम तुळशीला पाणी घालण्याच्या नेमाइतकाच बिनचूक. औषधें आणणें, चिठ्ठ्या जपून ठेवणें आणि गोळ्या संपत आल्या कीं नव्या आणणें, हें काम माझ्याकडे. इंग्रजी शिकविण्यावरच ज्याचें पोट चालतें, त्याच्याकडे घरांतले इंग्रजी कागद यावेत हें स्वाभाविकच होतें.

ज्यांनीं देगलूर पाहिलें नसेल त्यांना एवढें सांगितलें पाहिजे कीं, हें गांव नांदेड जिल्ह्याच्या अगदीं टोंकाला वसलेलें आहे. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. मराठी, तेलुगु, कानडी आणि दख्खनी उर्दू या चारी भाषा आमच्या बाजारांत एकाच तागडींत तोलल्या जातात. आजाऱ्याचा प्रवासही असाच चहूंकडे चालतो. साधें दुखणें असेल तर गांवांतले डॉक्टर. तें वाढलें तर नांदेड. आणि लेक, जांवई किंवा भाऊ जिकडे असेल त्याप्रमाणें हैदराबाद, निजामाबाद नाहींतर बीदर. आमच्याकडच्या पुष्कळ घरांत औषधांच्या एकाच पिशवींत तीन राज्यांतल्या चिठ्ठ्या सुखानें नांदत असतात. बोलण्याच्या भाषा चार असल्या तरी या चिठ्ठ्यांची लिपि बहुधा रोमन असते, आणि पिशवी हातीं धरणाऱ्यांपैकीं ती वाचतां येणारीं माणसें थोडीं.

मला या प्रसंगीं माझ्या आजोबांची आठवण होते. निजामी अमदानींत कोर्टकचेरीचा कागद उर्दूंत यावयाचा. आजोबांना मोडी उत्तम येत असे, पण उर्दूचें अक्षर येत नसे. असा कागद आला म्हणजे ते तो घेऊन गांवांतल्या एका मुनशींकडे जात, आणि मुनशी वाचून सांगतील त्यावर विश्वास ठेवून घरीं येत. १९४८ सालीं तें राज्य गेलें. आपल्या नशिबाचा कागद आपल्याला वाचतां येऊं नये, ही स्थिति मात्र गेली नाहीं. कागद तेवढा बदलला, आणि आमच्या घरापुरता मुनशी मी झालों.

त्या वर्षीं उन्हाळ्यांत आई माझ्या बहिणीकडे हैदराबादला गेली होती. तेथें बहिणीनें तिला एका मोठ्या डॉक्टरांना दाखविलें. दाब थोडा चढलेला होता. डॉक्टरांनीं नवी गोळी लिहून दिली. ही गोळी जोडगोळी होती. तींत टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन अशीं दोन औषधें एकत्र होतीं. गांवच्या डॉक्टरांची जुनी पांढरी गोळी म्हणजे नुसतें अ‍ॅम्लोडिपिन. मूळ औषधांचीं हीं नांवें दोन्ही पाकिटांवर छापलेलीं होतीं. पण माझी ओळख कंपन्यांनीं ठेवलेल्या सुटसुटीत नांवांशीं, आणि त्या दोन नांवांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल अशी शंकाही येण्यासारखी नव्हती. नवी गोळी जुनीच्या जागीं घ्यावयाची कीं जुनीच्या जोडीला, हें चिठ्ठीवर लिहिलेलें नव्हतें. बहिणीला वाटलें, भावाला ठाऊक असेल. मला वाटलें, बहिणीनें विचारून घेतलें असेल. डॉक्टरांना वाटलें असेल, इतकी उघड गोष्ट सांगावयास कशाला हवी! आई दोन्ही गोळ्या घेऊं लागली.

कांहीं दिवस कोणालाच कांहीं जाणवलें नाहीं. मग तिचे घोटे सुजूं लागले. ओळखीच्या एका डॉक्टरांनीं सूज पाहून लघवी वाढविणारी गोळी दिली. मध्यंतरीं गुडघे दुखतात म्हणून तिला नांदेडला नेलें. तेथून दुखणें थांबविणारी गोळी आली. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागीं शहाणी होती. या चारी गोळ्या एका पोटांत गेल्यावर काय होतें हें पाहण्याचें काम कोणाकडेच नव्हतें. किंवा खरें बोलावयाचें तर तें माझ्याकडे होतें, आणि मीं तें गोळ्या मोजण्यापुरतेंच केलें.

एकादशीच्या आधींपासून ती म्हणत होती, "डोकं गरगरायलंय रे बाळा." आणि मी म्हणत होतों, "उकाड्यानं होत असेल." एकादशीला तिनें कडक उपास केला. बारशीच्या पहांटे पारण्याची तयारी करावी म्हणून ती अंधारांत उठली, अंगणापर्यंत गेली आणि तेथेंच कोसळली. उजवें मनगट मोडलें. दवाखान्यांत तिला निजवून दाब पाहिला तो १००/६०; उठवून बसविल्यावर तो आणखी खालीं गेला. रक्तांतलें सोडियम उतरलेलें निघालें. मनगटाला प्लास्टर चढत असतां ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "पारणं राहिलं बघ." मला त्या वेळीं तिच्याकडे पाहवेना, आणि त्याचें खरें कारण तर मला अजून कळावयाचें होतें.

तें कळलें बसस्थानकाजवळच्या एका औषधांच्या दुकानांत. दुकानांतला तरुण माझा जुना विद्यार्थी. बारावीच्या इंग्रजींत मीं त्याला कसाबसा काठावर पास केलें होतें. त्यानें दवाखान्याची नवी चिठ्ठी पाहिली आणि विचारलें, "सर, आईंना आधीचं काय काय चालू आहे?" मीं पिशवीच समोर ठेविली. त्यानें एक एक पाकीट काढलें, उलटें केलें, काचेवर ओळीनें मांडलें, आणि मूळ औषधांचीं नांवें मोठ्यानें वाचावयास सुरुवात केली. "अ‍ॅम्लोडिपिन पाच. टेल्मिसार्टन चाळीस आणि अ‍ॅम्लोडिपिन पाच." येथें तो थांबला. मग हळूच म्हणाला, "सर, एकच औषध दोनदा जायलंय की. पायाची सूजही ह्याच्यामुळंच असेल. आणि सूज आली म्हणून ही लघवीची गोळी..." पुढचें वाक्य त्यानें पुरें केलें नाहीं. "डॉक्टरसाहेबांना हे सगळे पाकिटं दाखवा सर, आजच," एवढेंच तो म्हणाला. शिक्षकाची चूक विद्यार्थ्यानें किती दाखवावी याची मर्यादा त्याला ठाऊक होती.

डॉक्टरांनीं चुका केल्या असा या हकीकतीचा अर्थ कोणी काढील, तर तो मला मान्य नाहीं. चारी डॉक्टर चांगले होते, आणि चौघांपैकीं एकानेंही चुकीचें औषध दिलें असें म्हणतां येणार नाहीं. चूक माणसांत नव्हती, ती माणसांच्या मधल्या मोकळ्या जागेंत होती. आणि ती जागा राखण्याचें काम ज्याच्याकडे होतें तो मनुष्य रोमन लिपीचा पगार घेत होता.

रक्तदाबाच्या बाबतींत हें इतकें सहज कां घडतें याचा मीं पुढें पुष्कळ विचार केला. दांत ठणकतो, ताप चढतो, पोट कळवतें. हे रोग बोलके आहेत. त्यांच्यावरचें औषध चुकलें तर दुखणें स्वतःच ओरडून तशी वर्दी देतें. रक्तदाब हा मुका रोग आहे. दाब १४०/९० च्या वर वर्षानुवर्षें राहिला तरी पुष्कळांना कांहींच वाटत नाहीं. आणि आंतल्या आंत मेंदू, हृदय, मूत्रपिंडें व डोळे यांच्या रक्तवाहिन्या झिजत असतात. रोग मुका, म्हणून त्याच्या औषधांतली चूकही मुकी. गोळी कमी पडली तरी रोग्याला कळत नाहीं. जास्त झाली तर तो उन्हाला, उपासाला नाहींतर वयाला बोल लावून मोकळा होतो. शिवाय हें औषध आठवड्याचें नव्हे, बहुधा जन्माचें. जन्मभरांत डॉक्टर बदलतात, गांवें बदलतात, गोळीचा रंग आणि आकारही बदलतो. आणि अशा प्रत्येक बदलाच्या सांध्यांत चुकीला शिरावयास फट असते.

प्रायश्चित्त म्हणून म्हणा, मीं या विषयावर मिळेल तें वाचावयास घेतलें. तेव्हां समजलें कीं, आमच्या घरांत घडलें तो अपवाद नव्हता, नमुना होता. सर्वांत साधी चूक अक्षराची आणि आंकड्याची. २.५ मधलें टिंब फिकें उमटलें कीं २५ होतात, ५.० असें लिहिलें कीं घाईंत ५० वाचले जातात. म्हणून पूर्ण आंकड्यापुढें टिंब देऊन शून्य लिहूं नये, आणि अर्ध्यासाठीं मात्र आधीं शून्य देऊन ०.५ असेंच लिहावें, असा दंडक जाणत्या रुग्णालयांनीं घालून घेतला आहे. अ‍ॅम्लोडिपिन आणि अमिलोराइड, हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन या जोड्या वाईट अक्षरांत जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. दुसऱ्या जोडींतलें पहिलें औषध रक्तदाबाचें आहे, तर दुसरें खाजेवर देतात.

याहून फसवी चूक म्हणजे औषधाच्या दोषाला नवा रोग समजणें. अ‍ॅम्लोडिपिननें कित्येकांचे घोटे सुजतात. त्या सुजेला लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाहीं. मूळ औषधाची मात्रा कमी केल्यानें किंवा तें बदलल्यानें ती ओसरते. एनालाप्रिल, रामिप्रिल या वर्गांतल्या औषधांनीं कांहीं जणांना कोरडा खोकला लागतो. रोगी दुकानांत जाऊन खोकल्याचें औषध मागतो. सर्दीखोकल्याच्या कित्येक औषधांत नाक मोकळें करणारें फिनाइलेफ्रिनसारखें द्रव्य असतें, आणि तें दाब वाढवूं शकतें. दाब वाढला म्हणून आणखी एक गोळी येते. अशी एका चिठ्ठीच्या पोटीं दुसरी जन्मते, आणि मूळ पुरुष कोण हें कोणी विचारीत नाहीं. गुडघ्यांसाठीं सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्याही दाब चढवूं शकतात. आणि टेल्मिसार्टनसारखें औषध व लघवी वाढविणारी गोळी यांच्या संगतींत त्या आल्या तर मूत्रपिंडांवर तिहेरी भार पडतो. आमच्या पिशवींत ही त्रयी पूर्ण होती.

कित्येकदां तर चूक लेखणी उचलण्याच्या आधींच, दाब मोजतांना होते. दोन जिने चढून धापा टाकीत आलेल्या, नुकताच चहा घेतलेल्या किंवा तंबाखूचा बार भरलेल्या माणसाचा दाब, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, तो मुलाच्या लग्नाची हकीकत सांगत असतां मोजला, तर जो आंकडा येतो तो रोगाचा नसतो. त्या घटकेचा असतो. पांच मिनिटें स्वस्थ बसवून, पाठीला व हाताला आधार देऊन, उघड्या दंडावर, आणि एकदां नव्हे तर दोनदां मोजावें, हा साधा नियम आहे. डॉक्टरांच्या नुसत्या दर्शनानेंही कित्येकांचा दाब चढतो. त्या चढलेल्या आंकड्यावर लिहिलेली गोळी घरच्या उतरलेल्या दाबावर जाऊन पडते. आणि म्हातारें माणूस पहांटे अंथरुणावरून उठतांना तोल जाऊन पडतें.

यावरून वैद्यांना नांवें ठेवावीं असें कोणाला वाटेल, म्हणून वैद्यकाच्याच इतिहासांतल्या दोन गोष्टी सांगतों. १९४९ सालीं मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें मांडला, आणि आपल्या रानांतली ती मुळी जगाच्या औषधालयांत गेली. १९५२ सालीं तींतून रेसरपिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. १९५७ सालीं डॉ. वकिलांना लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला. पण पुढें मोठ्या मात्रेंत हें औषध घेणाऱ्या कांहीं रोग्यांचीं मनें खिन्नतेनें ग्रासलेलीं दिसूं लागलीं, आणि मात्रेला लगाम घालावा लागला. दुसरी गोष्ट निफेडिपिनची. दाब एकाएकीं चढलेल्या माणसाच्या जिभेखालीं निफेडिपिनची कुपी फोडावयाची, आणि दाब धाडकन् खालीं आलेला पाहून समाधान मानावयाचें, असा प्रघात जगभर कांहीं वर्षें होता. त्या धाडकन् येण्यानेंच मेंदूचा नि हृदयाचा रक्तपुरवठा तुटून अनर्थ होतात असें आढळल्यावर, १९९६ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत तज्ज्ञांनीं हा प्रघात थांबविण्याची हांक दिली. या दोन्ही गोष्टींत चूक कोणा आडगांवच्या निष्काळजी माणसाची नव्हती. कोणीतरी आपलाच पाठ पुन्हां डोळे उघडून वाचला, म्हणून ती सुधारली.

तेव्हां चुकेल कोण, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाहीं. चुकतील सगळेच. चूक रोग्याच्या पोटांत जाण्यापूर्वीं तिला अडविणारे हात किती आहेत, हा खरा प्रश्न आहे. या दिशेनें कांहींच झालें नाहीं असें नाहीं. २०१६ सालीं भारतीय वैद्यक परिषदेनें आपल्या नियमांत दुरुस्ती केली. तिच्यान्वयें डॉक्टरांनीं औषधें मूळ नांवानें, सुवाच्य आणि शक्यतों मोठ्या रोमन अक्षरांत लिहावयाचीं आहेत. २०२५ सालीं पंजाब व हरियाणाच्या उच्च न्यायालयानें तर वाचतां येण्याजोगी चिठ्ठी मिळणें हा रोग्याच्या आरोग्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्यासारख्याला हें वाचून बरें वाटलें. तथापि मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलेली चूकही चूकच असते. माझ्या आईची हैदराबादची चिठ्ठी संगणकावर छापलेली, अगदीं स्वच्छ होती!

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणींत असें दिसलें कीं, प्राथमिक उपचारांच्या ठिकाणीं एका रोग्याला स्वीडनमधला डॉक्टर वीस मिनिटांहून अधिक वेळ देतो, आणि भारतांतला सुमारें दोन मिनिटें. बाजाराच्या दिवशीं आमच्या गांवांतल्या दवाखान्यांबाहेरचीं पायताणें ज्यानें पाहिलीं आहेत, त्याला या आंकड्याचें नवल वाटणार नाहीं. दोन मिनिटांत नाडी पाहावी, दाब मोजावा, कीं पिशवींतलीं चार पाकिटें उलटीं करून वाचावीं?

म्हणूनच मला भारत सरकार, आपली वैद्यकीय संशोधन परिषद व जागतिक आरोग्य संघटना यांनीं राज्यांच्या साह्यानें २०१७ सालीं चालू केलेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमांतलें शहाणपण मोलाचें वाटतें. पहिल्या पांच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि आमच्या वेशीपलीकडचें तेलंगणही होतें; महाराष्ट्रांत आरंभ झाला तो सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत. त्यांनीं नवें औषध शोधलें नाहीं. त्यांनीं शिडी लावली. थोडींच ठराविक औषधें, ठराविक मात्रा, ठराविक क्रम. बहुतेक ठिकाणीं पहिल्या पायरीला अ‍ॅम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोनसारखें लघवी वाढविणारें औषध. आणि दाब १४०/९० च्या खालीं न आल्यास ठरलेल्या मुदतीनें पुढची पायरी. ज्याची त्याची नोंद ठेवावयाची, परिचारिकेनेंही दाब मोजावयाचा. २०२२ सालीं या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांकडून पुरस्कार मिळाला. कोणाला यांत डॉक्टरांच्या प्रतिभेला वाव नाहीं असें वाटेल. व्याकरणांतही कवीच्या प्रतिभेला वाव नसतो. पण तें सर्वांना ठाऊक असतें म्हणूनच वाक्य चुकलें तर चटकन् कोणाच्याही कानाला खटकतें. शिडीचा खरा लाभ हाच आहे. पायरी चुकली कीं ती परिचारिकेला दिसते, औषध देणाऱ्याला दिसते, आणि शिकविलें तर रोग्यालाही दिसते.

चूक कानाला खटकण्याची ही गोष्ट देगलूरला नवी नाहीं. महाराष्ट्रांत आमच्या गांवाचें नांव पोंचलें तें धुंडामहाराज देगलूरकरांमुळें. ज्ञानेश्वरीचें विवरण ऐकावें तर त्यांच्याच तोंडून, असें मागची पिढी म्हणत असे. लहानपणीं मी आजोबांबरोबर पारायणाला बसत असें. एक जण वाचतो. बाकीचे आपापली पोथी उघडून ओळीवर बोट ठेवून बसतात. वाचणाऱ्याची जीभ कोठें अडखळली, एखादा शब्द गळला, तर दोघेतिघे एकदम योग्य शब्द म्हणतात. वाचणारा तो उचलून पुढें जातो. कोणी रागावत नाहीं, कोणी लाजत नाहीं. वाचणारा कितीही मोठा असो, त्यांत त्याचा अपमान झाला असें कोणालाच वाटत नाहीं. पाठ शुद्ध राहिला पाहिजे, एवढीच सर्वांची काळजी. डॉक्टरांच्या चिठ्ठीला मात्र आपण मंत्र समजतों. लिहिणारा मनांत लिहितो, देणारा मनांत वाचतो, घेणारा न वाचतांच गिळतो. माझ्या त्या विद्यार्थ्यानें पाकिटें काचेवर मांडून नांवें मोठ्यानें वाचलीं, तेव्हां त्यानें नकळत पारायणाचीच रीत पाळली. आणि माझ्या तीस वर्षांच्या वाचनाला जें दिसलें नाहीं तें त्याच्या कानाला खटकलें.

आतां महिन्याच्या पहिल्या रविवारीं आमच्या घरीं या पिशवीचें पारायण असतें. आई पिशवी घेऊन बसते. एक मोठा कागद मीं तयार केला आहे. त्यावर औषधाचें मूळ नांव मोठ्या रोमन अक्षरांत आणि देवनागरींत, मात्रा किती, केव्हां घ्यावयाचें आणि कशासाठीं, असे चार रकाने आहेत. बंद झालेल्या औषधावर तांबडी रेघ मारून तारीख घातलेली असते. मी वाचतों, आई पाकीट उचलून दाखविते, मुलगी कागदावर बोट ठेवते. कोणत्याही डॉक्टरांकडे जावयाचें तर चिठ्ठी आधीं नाहीं, हा कागद आधीं. गुडघ्याचें औषध असो कीं सर्दीचें, तें या कागदावर चढल्याशिवाय आणि रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटांत जात नाहीं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी आम्ही आपल्या बुद्धीनें बंदही करीत नाहीं. मुनशी अजून मीच आहें. पण आतां माझें वाचन तपासणारे दोघे समोर बसलेले असतात.

आईचा दाब आतां एका औषधावर ठीक आहे. पायांची सूज गेली. मनगट मात्र पहिल्यासारखें झालें नाहीं. जोंधळ्याची भाकरी ती एका हातानें अशी गरगर फिरवीत थापीत असे कीं पाहत राहावें. आतां तिला ती थापतां येत नाहीं. चुलीजवळ बसून ती सुनेला सांगते, आणि मधूनच तिचा उजवा हात परातीकडे जातो नि परत येतो. ही गोष्ट मीं कोणत्याही कागदाच्या रकान्यांत लिहिलेली नाहीं.

गेल्या महिन्यांत आम्ही गांवच्या डॉक्टरांकडे गेलों होतों. बाहेर नेहमींची गर्दी होती. डॉक्टरांनीं कागद पाहिला, दाब दोनदां मोजला, आणि दुसऱ्या एका तक्रारीसाठीं एक गोळी लिहिली. लेखणी मिटून ते पुढच्या रोग्याला हांक मारणार, इतक्यांत चौथीपर्यंत शिकलेली माझी आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, नवी दिली ते बरं झालं. जुन्यातली कोणची बंद करू ते सांगा."

डॉक्टर क्षणभर थांबले. मग त्यांनीं तो कागद पुन्हां जवळ ओढला, वरून खालपर्यंत वाचला, आणि मिटलेली लेखणी उघडून चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहिली. ती ओळ मीं तेथेंच उभा राहून मोठ्यानें वाचली.